टोपीला आलेली हाक

सगळा दोष अच्युतकाकांचा. पुतणी केतकीला घेऊन मुलाकडे मेक्सिकोला आले, तरी तिने कॉलेज का सोडलं याचं कीर्तन सोबत घेऊनच आले. एका छोट्या गावच्या आठवडी बाजारात फिरतानाही तेच चालू.

एका म्हातारीच्या दुकानात त्यांनी गवती टोपी डोक्यावर चढवली आणि निम्म्या भावात मागितली. म्हातारीने साफ नकार दिला.

"आता बघ," काका केतकीला म्हणाले. "पाठ फिरवली की दुकानदार हाक मारतोच. दुनियेत कुठेही जा."

"आणि नाही मारली तर?"

"तुझ्या कॉलेजचं नाव काढणार नाही. मारली, तर जूनमध्ये ॲडमिशन!"

केतकी हो म्हणाली.

काका ऐटीत निघाले. लगेच मागून म्हातारी ओरडली, "सेन्योर! सेन्योर!"

"ऐकलंस? भर फॉर्म!"

"काका, ती टोपीला बोलावतेय. टोपी ठेवा नि पुन्हा चाला."

काकांचा हात डोक्याकडे गेला. त्यांनी टोपी परत केली आणि पार चर्चपर्यंत चालले, कान मागेच ठेवून. हाक आली नाही. म्हातारीने तोवर ती टोपी दुसऱ्याला विकलीसुद्धा.

काकांचं टक्कल उन्हाने सोललं आणि केतकीच्या कॉलेजवर बोलायचा हक्क गेला.