खोकला न आलेला दिवस

फार जुन्या काळी, जनावरं माणसांपेक्षा बरं बोलत तेव्हा, कासव वैद्याच्या दारी आजारी पोरांच्या आयांची रोज रांग लागे. ज्याचं दुखणं मोठं, त्याच्या आईचा मान मोठा, ही रीत या बायांनीच पाडलेली.

"माझ्या पोरीला चार दिवस घास उतरला नाही," खार म्हणाली.

"चारच?" साळूबाई फिस्कारली. "माझ्याचे वर्षभर काटे गळतायत!"

चांदी शेळी मागे अंग चोरून उभी होती. तिच्या करडाला जन्मापासून दमा, पण आज ते एकदाही खोकलं नव्हतं. हे कळलं तर या आपल्याला रांगेतून हाकलतील, मग उद्या त्याला धाप लागली की रडायचं कुणापाशी?

"खोक रे जरा," ती कुजबुजली.

"येतच नाही गं आई!" करडू खणखणीत ओरडलं.

साऱ्या रांगेनं वळून पाहिलं. साळूबाई काटे फुलवून पुढे आली.

"सकाळपासून खोकला नाही?"

"नाही," चांदी मान खाली घालून म्हणाली.

"आणि त्याला इथं ताटकळत ठेवलंस? अक्कल चरायला गेली का गं तुझी? जा, हुंदडू दे त्याला! उद्या खोकलं की ये. तुझी जागा मी धरून ठेवते."