नाडी चालू होती

"नाडी शेवटपर्यंत माझ्या हाताखाली चालू होती, सर. मग मेंढा गेला कसा?"

आप्पासाहेब मुळीक सुया उकळायला ठेवत होते.

चाळीस वर्षं ते जनावरांचे डॉक्टर. जत तालुक्यात अशी वाडी नसेल, जिथे त्यांनी चहा घेतला नाही. विचारणारा मकरंद सहा महिन्यांपासून त्यांच्या हाताखाली शिकत होता. सुवर्णपदक मिळवून आलेला पोरगा, आणि ते पदक अजून त्याच्या बोलण्यात लटकत असे.

गोष्ट परवाची. बिराप्पा धनगराच्या मेंढ्याची लघवी मुतखड्याने अडली होती. भूल देऊन खडा काढायचं ठरलं. सर ऑपरेशन करत होते. मकरंद मेंढ्याच्या मांडीच्या आतली नाडी धरून भूल सांभाळत होता.

मध्येच सर म्हणाले होते, "रक्त काळपट दिसतंय रे."

"नाडी उत्तम आहे, सर. तुम्ही चालू द्या."

सरांनी चालू दिलं.

नंतर बिराप्पाने एवढंच विचारलं, "त्याला दुखलं न्हाई न्हवं, डाक्टर?" आणि मेंढ्याखाली अंथरलेली आपली घोंगडी न उचलताच तो चालू लागला.

आज तोच बिराप्पा, त्याच दुखण्याचा दुसरा मेंढा घेऊन अंगणात बसला होता. आणि सरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं की ऑपरेशनला मिरजेहून डॉक्टर येतायत, भूल मी स्वतः सांभाळणार, तू बाजूला उभा राहा.

ते मकरंदला झोंबलं होतं.

"डोस वजनाबरहुकूम होता," तो म्हणाला. "एक क्षण हात हलवला नाही मी. दोष औषधाचा असेल, मेंढ्याच्या काळजाचा असेल..."

"असेल."

"मग मी बाजूला का?"

सरांनी खिडकीखालच्या बाकाकडे बोट केलं. तिथे त्यांचा म्हातारा कुत्रा घोंगडीवर अंग टाकून पडला होता.

"परवा होते तसलेच हातमोजे घाल. डोळे मीट. आणि आमच्या हरण्याची नाडी बघ."

मकरंदला हसू आलं. हे तर पहिल्या वर्षाच्या पोरांचं काम. पण त्याने मोजे चढवले, डोळे मिटले. सरांनी जरा वेळ लावला. मग त्याचं मनगट धरून हात नेऊन ठेवला. हाताला ऊब लागली.

"लागली?"

"लागली, सर. अठ्ठ्याऐंशी. एकसारखी."

"मोजत राहा... आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. साखर तोलताना ते डावा हात पाठीमागे धरायचे. गिऱ्हाइकं हसायची. ते म्हणायचे, हात पुढे राहिला की पारड्यात मीच जाऊन बसतो."

म्हातारा भरकटला, मकरंदच्या मनात आलं.

"नाडी?"

"उत्तम."

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. लपलप... लपलप. कुत्रं पाणी पीत होतं.

मकरंदने डोळे उघडले.

बाक रिकामा होता. त्याच्या हाताखाली घोंगडीची घडी होती. बिराप्पाची घोंगडी. कुत्र्याच्या अंगाची ऊब अजून तिच्यात होती.

आणि ठोके पडतच होते. एकसारखे.

त्याने अंगठा उचलला. घोंगडी गप्प.

अंगठा टेकवला. ठोके सुरू.

अंगठ्याला स्वतःची नाडी असते, म्हणून नाडी बोटांनी बघायची, अंगठ्याने नाही. कॉलेजात हे त्याने स्वतः धाकट्या पोरांना शिकवलं होतं. दरडावून शिकवलं होतं.

बाहेर मेंढा एकदा ओरडला. बिराप्पा त्याला हळू आवाजात काहीतरी समजावत होता.

मकरंदने मोजे काढले. उत्तर त्याला माहीत होतं, तरी विचारल्याशिवाय राहवेना.

"सर... परवा मी कोणाची नाडी मोजत होतो?"

आप्पासाहेबांनी घोंगडी झटकली, नीट घडी घातली, आणि बिराप्पाला परत नेऊन द्यायला ती मकरंदच्या हातांवर ठेवली.

"जो जिवंत होता, त्याची."