रडायचं तर रेघेजवळ

फार पूर्वी, आपल्या पणज्या परकर नेसून हुंदडत होत्या तेव्हा, एका डोंगरगावात हौसा नावाची मुलगी होती. शाळेच्या हुतुतूच्या संघात तिच्यासारखी चढाई कुणाचीच नव्हती. गावानं कौतुक करून करून तिला असं चढवलं होतं की आपण कधी बाद होऊ, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

जत्रेत नदीकाठच्या गावाशी सामना ठरला. जिंकेल त्याला पाटीभर जिलेबी आणि वर्षभराचा मान!

हुतुतूचा नियम सोपा. बाद झालं की रेघेबाहेर बसायचं. आपल्या गड्यानं समोरचा एक बाद केला की आपण पुन्हा जिवंत.

पहिल्याच चढाईत हौसा पकडली गेली. सगळी जत्रा हळहळली. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेघेजवळ बसायचं सोडून तिनं धूम ठोकली, ती थेट कडब्याच्या गंजीमागे.

इकडे भिमीनं, संघातल्या सगळ्यात बारक्या पोरीनं, समोरची एक बाद केली. "हौसा जिवंत!" सगळ्या ओरडल्या. पण हौसा आहे कुठे? एक गडी कमी, संघ मागे पडू लागला.

शेवटी गुरुजी शोधत गंजीमागे आले.

"मी नाही खेळणार," हौसा हुंदके देत म्हणाली. "मला रडू येतंय."

"मग रड की! नको कोण म्हणतंय? पण पोरी, रडायचं तर रेघेजवळ बसून रड. तू कधीची जिवंत झालीयेस, आणि तुझा पत्ताच नाही!"

"मी? कुणी केलं जिवंत?"

"भिमीनं. हाका मारून घसा बसला बिचारीचा."

हौसानं परकराला नाक पुसलं आणि पळत सुटली. मैदानात उतरली आणि काय सांगू, पुन्हा बाद झाली! या वेळी मात्र रेघेजवळच फतकल मारून बसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडानं आरडाओरडा, "भिमे, धर तिला! सोडू नको गं!"

भिमीनं चढाईला आलेल्या पोरीचा पाय धरला तो सोडलाच नाही. हौसा जिवंत! शेवटच्या चढाईत तिनं दोघींना शिवून रेघ गाठली आणि सामना जिंकला.

पहिली जिलेबी तिनं भिमीच्या तोंडात कोंबली. भिमीला खूप बोलायचं होतं, पण घसा बसलेला आणि तोंड भरलेलं!

अजूनही त्या गावात कुणी पोर हिरमुसून कोपरा धरायला निघालं, की आई म्हणते, "रड बाळा, पण इथं रेघेजवळ बस."

तात्पर्य: हरल्यावर रडू आलं तर खुशाल रडावं, पण आपल्या माणसांच्या हाकेच्या अंतरावर बसून.