हिंदुरावाच्या मोटारसायकलची ठिणगी

कुठल्याशा गावात हिंदुराव नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की "जरा थांबा" म्हटलं तर "आता जा" म्हणेपर्यंत उभाच राहायचा. त्याच्याकडे वडिलांच्या काळातली एक मोटारसायकल होती. यात्रेच्या दिवशी ती भर बाजारात बंद पडली आणि त्याच्या बायकोला, शेवंताला, नव्या लुगड्यात ती घरापर्यंत ढकलावी लागली. शेवंता तडक माहेरी गेली. जाताना म्हणाली, "गाडी एका किकेत चालू करा आणि तिच्यावरनं मला न्यायला या. तवर म्या यायची न्हाई."

हिंदुरावाला घर खायला उठलं. तो गाडी ढकलत दस्तगीर मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री म्हणाला, "ठिणगी कमी पडतीया. काळं दिसंल ते पॉलिश पेपरनं घासायचं. जावा."

"आत्ता कळलं," हिंदुराव म्हणाला.

घरी येऊन बघतो तर गाडीत सगळ्यात काळी सीट. त्याने ती घासली. आतला स्पंज बाहेर येईपर्यंत घासली. गाडी काही चालू झाली नाही.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "अहो, प्लग घासायचा. सीट ओल्या फडक्यानं पुसायची असती."

"आत्ता कळलं."

या खेपेला त्याने प्लग घासला. मग ओल्या फडक्याने छान पुसला. प्लगची वायर पुसली, वायरच्या टोकाची रबरी टोपीही पुसली. आधी गाडी निदान खोकायची तरी, आता तर पार गप्प झाली.

मिस्त्री म्हणाला, "ठिणगीला पाण्याचं वावडं असतंय, हिंदुराव. प्लग ओला झाला तर चुलीवर तापवून कोरडा करायचा."

"आत्ता कळलं."

घरी आला तोवर प्लग उन्हाने वाळला होता. टोपी मात्र अजून ओली होती. हिंदुरावाने ती तव्यावर ठेवली. थोड्या वेळाने सगळी आळी नाकाला पदर लावून बाहेर आली.

"रबर कुणी तापवतं व्हय?" मिस्त्रीचा आवाज आता बारीक झाला होता. "ही घ्या नवी टोपी. वायरला बसवा. प्लग इंजिनाला टेकवा, किक मारा आणि निळी ठिणगी पडतीया का बघा. पण आधी पेट्रोलची टाकी सोडून लांब ठेवा."

"किती लांब?"

"जितकी लांब तितकी बरी."

"आत्ता कळलं."

हिंदुरावाने टाकी सोडली. अंगणाच्या टोकाला ठेवली, मन भरेना. वेशीवर नेली, तरी जवळच वाटली. सगळ्यात लांबचं ओळखीचं गाव म्हणजे डोंगरावरची सासुरवाडी. त्याने टाकी डोक्यावर घेतली आणि डोंगर चढायला लागला.

शेवंता दारात धान्य पाखडत होती. नवरा आलेला बघून तिला बरं वाटलं. मग तिला टाकी दिसली.

"गाडी कुठाय?"

"घरी. ठिणगी बघायची हाय, म्हणून टाकी लांब ठेवाय आलोय. ही संभाळ. म्या जाऊन ठिणगी बघतो आणि गाडीवरनं तुला न्यायला येतो."

"टाकीबिगर?"

हिंदुराव डोक्यावरची टाकी चाचपून बघायला लागला. शेवंताला मात्र हसू आवरेना. हसता हसता तिचा राग पार वाहून गेला. हा माणूस आणखी चार दिवस एकटा राहिला तर घरसुद्धा तव्यावर ठेवील, असं म्हणत तिने बोचकं बांधलं. दोघं डोंगर उतरून घरी आले. पुढे शेवंता, मागे डोक्यावर टाकी घेतलेला हिंदुराव.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताने मिस्त्रीलाच घरी बोलावलं. त्याने टोपी बसवली, प्लगची फट नीट केली, टाकी जोडली. एका किकेत गाडी धडधडली. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "हिंदुराव, गाडीपायी जे काम अडलं हुतं, ते आधी उरका."

"आत्ता कळलं," हिंदुराव म्हणाला.

शेवंता चहाचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा अंगणात नुसता धूर होता.

तिकडे सासऱ्यांच्या दारात गाडी धडधडत उभी राहिली. हिंदुरावाची छाती अभिमानाने फुगली होती. "मामा, शेवंताला न्यायला आलोय. एका किकेत आलोय, सांगा तिला."

सासरे ओसरीवरून खाली उतरले. "पावणं, ती कालच तुमच्याबरोबर गेली की."

हिंदुरावाचा चेहरा पडला.

"गेली? आणि मला सांगितलंबी न्हाई?"