सारसांच्या दलदलीचं मोल

एका राज्यात घडलेली ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, गळ्याची शपथ. मी ती या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. पण त्याने काय बिघडतं?

तर त्या राज्याचा राजा हेमांगद. त्याच्या नगराच्या माथ्यावर आजोबाने बांधलेलं धरण होतं, आणि त्या धरणाला तडा गेला होता. धरण फुटलं तर नगर बुडणार. दुरुस्तीसाठी पाणी सोडून द्यावं, तर काठची दलदल सुकणार, तिथले सारस आणि पाणमांजरं मरणार. राजाने पाणी सोडायचा हुकूम दिला. गवंड्यांनी दिवसभर तड्यात चिरे बसवले. सकाळी पाहतात तो सगळे निखळून पडलेले.

धरणावर एक म्हातारी सारसी येऊन उभी राहिली.

"ज्याचं घर मोडून चिरा बसवाल, त्याला आधी घर द्या," ती म्हणाली. "तुमच्या आजोबाच्या मांत्रिकाने तशी आणच घातली आहे या धरणाला."

राजाने मोठ्या मनाने महालातलं संगमरवरी तळं देऊ केलं. सारसीने त्यात एक पाय टाकला. तो घसरला.

"चिखल कुठाय, महाराज?"

"चिखल? राजवाड्यात?"

"मग अंडी काय तुमच्या मुकुटात घालू?"

दरबार हसला. राजा हसला नाही. "काय हवं ते सांग."

"खोलगट जमीन. बारमाही पाणी. आणि लव्हाळी रुजेपर्यंत राखण."

खजिन्यात तेवढं धन नव्हतं. उरलं होतं आजोबाचं तळघर. तिथलं सोनं धरण बांधणाऱ्यांची मजुरी बुडवून साठवलेलं, म्हणून शापित. उंबऱ्याबाहेर आणताच त्याचा कोळसा होई. राखणीला यक्ष बसलेला.

"सोन्याचं सोनंच राहील," यक्ष म्हणाला, "पण ओंजळीमागे तुझं काहीतरी इथे ठेवावं लागेल. काय ते मी निवडीन."

पहिल्या ओंजळीला त्याने जिभेची चव घेतली. राजाने रास्त भावात खोलगट जमीन विकत घेतली, आणि त्या दिवसापासून त्याला आंबाही राखेसारखा लागू लागला. दुसऱ्या ओंजळीला झोप घेतली. नदीपासून त्या जमिनीपर्यंत पाट आला. राजाची पापणी काही लागेना.

तिसऱ्या ओंजळीला यक्ष म्हणाला, "तुझ्या लेकीचा चेहरा."

चारुमती तापाने गेली होती. राजा रोज डोळे मिटून तिला भेटत असे. दुसरी भेट कुठली व्हायची?

"दुसरं काही माग. राज्य माग."

"राज्य? तडा गेलेलं? ते घेऊन मी काय करू?"

राजा धरणावर जाऊन बसला. खाली नगरात चुली पेटल्या होत्या. कोणी आई अंगणात उभी राहून पोरीला हाका मारत होती, पोरगी ऐकत नव्हती. राजा बराच वेळ त्या हाका ऐकत राहिला. मग तळघरात उतरला आणि त्याने यक्षापुढे मान झुकवली.

राखणदार नेमले गेले. लव्हाळी रुजली. सारसीने चिखलात अंडी घातली, आणि धरणाचे चिरे बसले ते बसलेच. तळघरातल्या उरल्या सोन्याचा कोळसा व्हायचा थांबला. ते धरण बांधणाऱ्यांच्या नातवंडांना वाटून टाकलं. यक्ष आपल्या वाटेने निघून गेला. शाप सरला, राज्याची घडी बसली. अशा वेळी सगळे सुखी झाले म्हणायची रीत आहे.

एकदा दिवेलागणीला राजा महालातल्या एका चित्रापाशी थबकला.

"राणीसाहेब, हे कोणाचं पोर? मोठं गोड आहे."

राणी शशिप्रभा म्हणाली, "आपल्याच नगरातलं आहे. सुखात आहे."

आता शपथेला जागून सांगतो. सारसी बोलली, यक्षाने चव नेली, झोप नेली, यातलं काही मी रचलेलं नाही. रचलं ते राणीचं उत्तर तेवढं. राणी काही बोललीच नाही. तिने हातातला दिवा जरा वर धरला, त्याला नीट दिसावं म्हणून.