देवाच्या ताटातलं वांगं

“यातली अळी कुठं गेली?”

गोदामायनं टोपलीतलं वांगं देठाला धरून फिरवून बघितलं. टेकडीवरच्या खंडोबाची पूजाअर्चा तिच्याकडं, आणि भिवाजी तिचा शिष्य.

भिवाजीची छाती फुगली. “जाईल कुठं... येऊच दिली नाही. लसूण, मिरची नि तंबाखू उकळून पाणी मारलं, वर चुलीतली राख. सगळं घरचं. गावात एकाचं तरी वांगं असं आहे का बघा.”

गडी खोटं बोलत नव्हता. चंपाषष्ठी तोंडावर आली होती. देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय तो वांग्याला तोंड लावणार नव्हता. आणि माय म्हणाली होती, देवाच्या ताटात चालेल असं एक वांगं पिकवून आण, मग तुला मंत्र देते. एवढ्यासाठी त्यानं सगळा पावसाळा वाफ्यात उकिडवं बसून काढला होता. बायको म्हणायची, माझ्याकडं इतकं निरखून कधी बघितलंत का?

मायनं वांगं परत टोपलीत ठेवलं. “हे नाही चालायचं.”

“का?”

माय देवाचं ताट पुसायला लागली.

भिवाजी तरातरा टेकडी उतरला. शेजारणीकडून एक किडकं वांगं मागून आणलं नि मायपुढं आदळलं. “मग हे चालतं का?”

“किडकं? देवाला? अक्कल गहाण टाकलीस का रे?”

भिवाजीचं डोकं गरगरलं. किडकं नको, बिनकिडीचंही नको... “मग तिसरं कुठलं आणू, माय?”

मायनं किडकं वांगं मोडलं. आतून गुलबट अळी निघाली. ती तिनं अलगद उचलून भिवाजीच्या तुकतुकीत वांग्यावर सोडली.

अळीनं डोकं उचललं. इकडं वळली, तिकडं वळली... आणि तोंड न लावताच खाली उतरून टोपलीच्या काठानं चालू लागली.

दोघं बघत राहिले.

“मारू?” काहीतरी विचारायचं म्हणून भिवाजीनं विचारलं.

मायनं अळी पानावर घेतली आणि पान त्याच्या तळहातावर ठेवलं.

“आणि मंत्र?” त्याचा आवाज बारीक झाला होता. “एवढा राबलो मी. मंत्राचं काय, माय?”

“हिला सांभाळ,” गोदामाय म्हणाली. “पुढच्या चंपाषष्ठीला तू नि ही, दोघं या.”