उताराचं तास

फार मागं, हरळी गवतानं रानं आवळली तेव्हा चार शेतांच्या बैलांनी इर्जिक केली. सगळ्यांनी एकच मोठा नांगर ओढत एकेकाचं रान नांगरायचं ठरलं. पुढं जुंपलेला सारंग्या सगळीकडं उभंच तास धरी, नांगराची रेघ रानाच्या लांबीनं सरळ ओढी.

उताराच्या रानात आल्यावर तिथला म्हातारा बैल तांबड्या थबकला. "सारंग्या, इथं उताराला आडवा चल. नाहीतर पहिल्याच पावसात माझी माती ओढ्याला जाईल."

"एकत्र आलो की तास एकच, म्हातारबा! नाहीतर ओढ एकटा."

एकट्यानं हरळी निघत नाही, हे तांबड्याला ठाऊक होतं. "जू टाकत नाही रे बाबा. पण रानच वाहून गेलं, तर नांगरून काय करू?"

सारंग्यानं उतार खालपर्यंत न्याहाळला. "बरं," तो म्हणाला, "तुझ्या रानात तू पुढं हो."

तांबड्या पुढं झाला, आणि चारी शेतांचं बळ त्याच्यामागं आडवं चालू लागलं.